परदेशातला आपला माणूस वर्गात यावा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

काही दिवसांपूर्वी आपल्या दैनिकात बेळगावच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेची बातमी आली होती. तिथली मुलं परदेशातल्या एका शाळेशी पडद्यावरून बोलतात, एकमेकांचे सण, जेवण, खेळ समजून घेतात. बातमी वाचून आनंद झाला. आमच्या भागातल्या शिक्षकांच्या बैठकीत मी ते पान दाखवलं, तर दुसऱ्या शाळेतले एक गुरुजी म्हणाले, "बाई, ही मोठ्या शाळांची कामं. त्याला इंग्रजी पाहिजे, पैसा पाहिजे." मला हे मान्य नाही, आणि का मान्य नाही ते आपल्या वाचकांना सांगावं म्हणून हे पत्र.

निपाणी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत मी समाज विज्ञान शिकवते. आमच्या मुलांच्या घरी तंबाखूचं रान असतं किंवा दुसऱ्याच्या रानातली मजुरी असते. बऱ्याच जणांच्या आया दारात सूप मांडून बिड्या वळतात. शाळा सुटली की मुलीही त्या सुपाजवळ बसतात. गेल्या जूनपासून आमच्या सातवीच्या वर्गात आफ्रिकेतल्या मलावी देशातून एक मुलगी बोलते आहे, आणि ती मराठीत बोलते. ती आमच्याच शाळेत शिकलेली. पुढं नर्सिंग केलं, काही वर्षं दवाखान्यात नोकरी केली आणि आता मलावीतल्या कासुंगू जिल्ह्यात सरकारी रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करते. तिचं नाव इथं देत नाही, तिलाही ते नको आहे. आमची मुलं तिला ताई म्हणतात आणि आवाराच्या पलीकडच्या कन्नड शाळेतली मुलं अक्का.

जाण्याआधी ती शाळेत निरोप घ्यायला आली होती. मुलांनी भोवती गर्दी केली आणि तिला विचारायला लागली, तिकडं सिंह फिरतात काय, घरं असतात काय. तेव्हाच ठरलं की गेल्यावर तिनं या मुलांशी बोलत राहायचं. शनिवारी आमची सकाळची शाळा असते. सुटायच्या आधी, पावणेअकराच्या सुमाराला, मुख्याध्यापकांच्या मोबाईलवरून फोन लागतो आणि शाळेतल्या टीव्हीवर ती दिसते. तिथं तेव्हा सव्वासात वाजलेले असतात, कारण आपण त्यांच्यापेक्षा साडेतीन तास पुढं आहोत. ती कामावर जायच्या गडबडीत असते, हातात चहाचा कप असतो. कधी आपल्याकडं लाईट जाते, कधी तिच्याकडं. तसं झालं की ती मुलांच्या प्रश्नांची उत्तरं आवाजात टिपून व्हॉट्सअॅपवर पाठवते आणि सोमवारी पहिल्या तासाला ती आम्ही ऐकतो. खर्च म्हणाल तर मोबाईलचा डेटा, आणि तोही कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये आधीच भरलेला असतो.

पहिल्या फोनच्या आधी मी मुलांना आफ्रिकेबद्दल जे माहीत असेल ते लिहायला सांगितलं. जंगल, सिंह, काळी माणसं, उपाशी मुलं, यापलीकडं कुणाच्या वहीत काही नव्हतं. टीव्हीवर आणि मोबाईलवर जे दिसतं तेच त्यांनी लिहिलं. मी त्या वह्यांचे फोटो ताईला पाठवले. तिनं एकच अट घातली: जो प्रश्न कुणी आपल्या आईबद्दल, आपल्या घराबद्दल विचारलेला आपल्याला आवडणार नाही, तो दुसऱ्याबद्दल विचारायचा नाही. मुलं विचारात पडली. निम्मे प्रश्न त्यांनी स्वतःच खोडले आणि नवे लिहिले. तुमच्याकडं सकाळी काय खातात? शाळेला सुट्टी कधी असते? मुलींना शेतात काम असतं का? हे नवे प्रश्न वाचताना मला फार समाधान वाटलं.

ताईनं पहिल्या शनिवारी सिंह दाखवला नाही. तिनं तंबाखू दाखवली.

मलावीची सर्वांत मोठी निर्यात तंबाखू आहे, आणि कासुंगू हा त्याच पिकाचा मुलूख. हे मी पुस्तकातून शिकवलं असतं तर मुलांनी परीक्षेपुरतं पाठ केलं असतं. पण पडद्यावर गवतानं शाकारलेली लांब छपरं दिसली, त्याखाली काठ्यांवर उलटी टांगलेली पानं दिसली, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "ताई, ही सावलीत का वाळवत्यात? आमी तर उनात रानातच वाळवतोय की." त्याला पंचेचाळीस मिनिटांच्या तासात मी कधी बोलतं करू शकले नव्हते. ताईला उत्तर माहीत नव्हतं. तिनं तिथल्या एका शेतकऱ्याला विचारलं आणि पुढच्या शनिवारी सांगितलं: तिथली तंबाखू बर्ली जातीची, ती सिगारेटला जाते, आणि हवेवर हळूहळू वाळवली तरच तिचा रंग आणि चव साधते. आपली निपाणीची तंबाखू बिडीची, तिला ऊनच हवं. त्या मुलानं मग घरून वडिलांना विचारून आपल्याकडची सगळी रीत, रोपापासून वखारीपर्यंत, चार पानं भरून लिहून आणली. वर्षभरात त्यानं याआधी एवढं एकगठ्ठा काही लिहिलं नव्हतं.

मग बाजाराचा विषय निघाला. तिथं गाठी बांधून माल लिलावाच्या गोदामात नेतात. घेणाऱ्या मोजक्या मोठ्या कंपन्या, आणि भाव पडला की शेतकरी ओरडतात, लिलाव बंद पाडतात. हे ऐकल्यावर मी मुलांना १९८१ सालचं निपाणीचं आंदोलन सांगितलं. शरद जोशींच्या मागं हजारो तंबाखू शेतकरी महामार्गावर बसले होते, एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि त्यात आपली माणसं गेली. आमच्या मुलांचे आजोबा त्या गर्दीत होते, आणि मुलांना ते ठाऊकच नव्हतं! घरी जाऊन त्यांनी विचारलं. एका आजोबांनी नातवाला घेऊन आंदोलनाची ती जागा दाखवली. दहा हजारांच्या वर शेतकऱ्यांचं ते धरणं आमच्या गावाच्या उंबऱ्यावर घडलं, आणि त्याचा पत्ता मुलांना लागला तो मलावीच्या लिलावावरून. मला वाटतं परदेशाशी वर्ग जोडण्यातला सगळ्यांत मोठा लाभ हाच आहे. दुसऱ्याचं घर बघायला मान वर केली की आपल्या घराचे वासेही दिसायला लागतात.

ताई परिचारिका असल्यानं आणखी एक गोष्ट झाली. ओली, दव पडलेली तंबाखूची पानं हाताळली तर त्यातलं निकोटिन कातडीतून अंगात जातं, डोकं गरगरतं, मळमळतं, उलट्या होतात. मलावीत रानात काम करणाऱ्या लहान मुलांना हा त्रास होतो, तिनं रुग्णालयात पाहिला आहे. तिनं हे रुग्णांचे फोटो न दाखवता सांगितलं. रुग्णाचा फोटो ती कधीच पाठवत नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलीनं हळूच हात वर करून विचारलं, वखारीतून आल्यावर मावशीला खोकल्याची उबळ येते आणि रात्री झोप लागत नाही, ते त्याच्यामुळंच का. ताईनं तिला नीट समजावलं, नाकातोंडाला फडकं बांधायला, काम संपल्यावर साबणानं हात धुवायला आणि मावशीला सरकारी दवाखान्यात दाखवायला सांगितलं. इंग्रजीत हा प्रश्न त्या मुलीनं विचारलाच नसता. परदेशी मुलांसमोर आपली आई, मावशी काय काम करते हेही तिनं सांगितलं नसतं. माझ्या माणसाशी, माझ्या बोलीत बोलतेय म्हणून ती बोलली. गुरुजींच्या त्या 'इंग्रजी पाहिजे' ला माझं उत्तर हे आहे.

इंग्रजी नको असं मी म्हणत नाही. मुलांनी ते चांगलं शिकावं. ताईच्या रुग्णालयातल्या सहकाऱ्यांची मुलं घरी चिचेवा बोलतात आणि शाळेत इंग्रजी. त्यांच्यासाठी आमच्या मुलांनी इंग्रजीत पाच-सहा वाक्यं तयार केली, ती चुकतमाकत म्हटली, तिकडच्या मुलांचीही तीच गत. दोन्हीकडं वर्ग हसला आणि पुढं गेला. पण आधी आपल्या भाषेत प्रश्न उगवावा लागतो. प्रश्नच नसेल तर इंग्रजीत बोलायचं तरी काय?

आता सीमेची गोष्ट. आपल्या वाचकांना ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मलावीच्या पूर्वेला एक प्रचंड तलाव आहे, सुमारे ५८० किलोमीटर लांब. निपाणीहून निघून बंगळूर गाठावं एवढा. त्या तलावाच्या पाण्यातून मलावी आणि टांझानिया यांची हद्द जाते, आणि ती कुठून जाते यावर दोन्ही देशांचं भांडण आहे. १८९० साली इंग्रज आणि जर्मन सरकारांनी युरोपात बसून करार केला आणि हद्द टांझानियाच्या काठाला लावून आखली. मलावी म्हणतो, करार तो करार, सगळं पाणी आमचं. टांझानिया म्हणतो, पाण्याच्या मधोमध रेघ पाहिजे. २०१२ च्या सुमाराला तलावाखाली तेल सापडेल म्हणून शोध सुरू झाला आणि वाद पुन्हा तापला. अजून मिटलेला नाही.

आमच्या मुलांना हे सांगताना काहीही उलगडून सांगावं लागलं नाही. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६७ चा महाजन अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला महाराष्ट्राचा सीमेचा दावा, हे त्यांच्या घरात रोज बोललं जातं. एक नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आणि मराठी माणसांच्या काळ्या दिवशी, गावात काय असतं ते त्यांनी पाहिलेलं आहे. एका मुलानं लगेच विचारलं, "मग तिथं मासे धरणारी माणसं काय करत्यात?" हा प्रश्न मोठ्या माणसांच्या सभांमध्ये मी फारसा ऐकलेला नाही. ताईनं तलावाकाठच्या गावातून आलेल्या एका सहकाऱ्याला विचारून सांगितलं की होड्या पूर्वीसारख्या जातात-येतात, पलीकडच्या काठावर सोयरीक आहे, बाजार आहे, भीती फक्त गस्तीच्या बोटीची. मुलं आपसांत बोलायला लागली. कुणाचं मामाचं गाव कागलकडं, कुणाची आत्या गडहिंग्लजला. कोरोनात कोगनोळीच्या नाक्यावर रस्ता अडवला तेव्हा कुणाला आजीच्या मातीलाही जाता आलं नव्हतं. मी फळ्यावर दोन नकाशे शेजारी शेजारी काढले आणि तास संपेपर्यंत मुलांनाच बोलू दिलं.

सीमाप्रश्नावर माझं मत मी लपवत नाही. मराठी मुलाला मराठीत शिकण्याचा, आपल्या भाषेत सरकारी कागद मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी आमच्या आधीच्या पिढीनं जे सोसलं त्याचा मला अभिमान आहे. पण मुलाला आपल्या दुःखाबरोबर दुसऱ्याचं दुःखही कळलं तर त्याचा लढा लहान होत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

आमच्या आवारात मराठी आणि कन्नड अशा दोन शाळा आहेत, मध्ये एक कडुनिंब आणि एक हातपंप. दुपारचं जेवण एकाच स्वयंपाकघरातून येतं, पण मुलं बसतात वेगवेगळ्या पंगतीत. ताईला दोन्ही भाषा येतात, निपाणीकडची माणसं ती. टीव्ही आमच्याकडं आहे म्हणून मी कन्नड शाळेच्या बाईंना विचारलं, तुमचा वर्ग आणाल का. त्या म्हणाल्या, विचारायला एवढा वेळ का लावलात. तेव्हापासून शनिवारी दोन्ही वर्ग एकत्र बसतात. ताई एक वाक्य मराठीत बोलते, दुसरं कन्नडमध्ये, आणि काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मुलं दोन्ही ऐकायला लागलीत, भाषांतराची वाट बघत नाहीत. तिथलं रोजचं जेवण म्हणजे न्सिमा, पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. आमची मुलं विचारात पडली, भाकरी का नाही करत, आणि कन्नड शाळेतली मुलं एकसुरात ओरडली, "मुद्दे!" मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचा तसाच गोळा, त्याची ओळख आमच्या मुलांना त्या दिवशी झाली. साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली तेव्हा त्यांच्या मनात शेजारच्या भाषेची, शेजारच्या माणसाची ओळख होती. आमच्या आवारात ती मलावीमार्गे आली. कुठूनही येवो, आली हे महत्त्वाचं.

आणि एक. आफ्रिकेबद्दल बोलताना मी मुलांना विचारलं, आफ्रिकेतून आलेली माणसं आपल्या जिल्ह्यात राहतात, माहीत आहे का? कुणालाच माहीत नव्हतं. खानापूर तालुक्यात, पुढं हल्याळ-यल्लापूरच्या जंगलात सिद्दी समाज आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे हे वंशज, जुलूम सोसेना म्हणून घाट चढून रानात आले. कोकणी-मराठी मिसळून बोलतात. २००३ साली उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. खानापूरच्या शाळांमधल्या शिक्षकांनो, तुमच्या वर्गात बसलेल्या सिद्दी मुलांसाठी आफ्रिकेशी बोलणं काय असेल याचा विचार करा. तुम्ही आमच्या खूप पुढं जाऊ शकता.

फक्त घेत राहायचं नाही, हेही ताईनं पहिल्यापासून सांगितलं होतं. कर्नाटकी बेंदराला आमच्या मुलांनी बैल धुताना, शिंगं रंगवताना, गळ्यात घुंगुरमाळा बांधताना चित्रफीत केली. कन्नड शाळेतल्या मुलांनी त्यालाच कार हुण्णिमे म्हणतात आणि त्यांच्याकडं काय करतात ते सांगितलं. मलावीतही बैलगाड्या आहेत. तिकडच्या मुलांनी विचारलं, बैलाला एवढं सजवून त्या दिवशी काम का देत नाही? आमची मुलं म्हणाली, वर्षभर राबतो म्हणून. बेंदूर जूनमध्ये येतो. आमची मुलं पावसात भिजत होती आणि ताई स्वेटर घालून बसली होती. दक्षिण गोलार्धात जून-जुलैत थंडी असते हे सातवीच्या वर्गाला आता कधीच विसरता येणार नाही.

ही कल्पना माझी नाही, आणि नवीही नाही. अमेरिकेत १९६१ साली अध्यक्ष केनेडींनी पीस कोअर सुरू केली. तरुण स्वयंसेवक दोन वर्षं दुसऱ्या देशात जाऊन राहायचे, शिकवायचे, शेती-आरोग्याची कामं करायचे. त्या संस्थेचा एक उद्देश पहिल्यापासून लिहिलेला आहे: अमेरिकेतल्या लोकांना इतर देशांतल्या माणसांची नीट ओळख व्हावी. म्हणजे स्वयंसेवकानं परत आपल्या घरच्यांना शिकवायचं. त्यातूनच १९८९ साली पॉल कव्हरडेल संचालक असताना शाळांसाठीचा उपक्रम निघाला. परदेशात काम करणारा एक स्वयंसेवक आणि अमेरिकेतला एक वर्ग अशी जोडी लावून द्यायची, त्यांनी पत्रं लिहायची, फोटो पाठवायचे, प्रश्न विचारायचे. तेव्हा इंटरनेट घराघरात नव्हतं. टपालानं हे चाललं.

भारतातही १९६१ ते १९७६ या काळात हे स्वयंसेवक होते, आपल्या जुन्या म्हैसूर राज्यात कोंबडीपालनाचं काम त्यांनी केलं. मुंबईच्या विक्रोळीत तर १९६६ मध्ये लिलियन कार्टर नावाच्या परिचारिका आल्या, वय अडुसष्ट वर्षं! गोदरेजच्या वसाहतीत त्यांनी आरोग्याचं काम केलं आणि तिथून घरी पत्रं लिहिली. पुढं त्यांचा मुलगा जिमी कार्टर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. विक्रोळीचे कामगार, तिथलं ऊन, तिथली गरिबी आणि तिथला आपलेपणा जॉर्जिया राज्यातल्या एका छोट्या गावात त्या पत्रांतून पोचला. एवढी वर्षं त्यांची माणसं आपल्याबद्दल त्यांच्या मुलांना सांगत आली. आपली माणसं जगभर आहेत, आणि आपल्या मुलांना सांगायला त्यांना कुणी बोलावत नाही.

आपल्याकडचीही उदाहरणं आहेत. फलटणला मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या बाईंनी मराठी शिकून, इथलंच नागरिकत्व घेऊन मुलांच्या शिक्षणाचं मोठं काम उभं केलं. त्याच फलटणला सुगत मित्रांच्या प्रयोगातून परदेशातले निवृत्त लोक पडद्यावरून मुलांशी गप्पा मारायचे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी तर सगळ्यांना माहीत आहेत, २०२० सालचा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटली. त्यांनी भारत-पाकिस्तान, इस्राएल-पॅलेस्टाईन अशा भांडणाऱ्या देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलायला लावलं. मला मात्र त्यांची दुसरी गोष्ट जास्त जवळची वाटते. त्यांच्या शाळेतल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती, आणि या मराठी गुरुजींनी मुलांसाठी कन्नड शिकून धडे त्यांच्या भाषेत आणले. सीमेच्या अलीकडं आमची मराठी मुलं जे मागतात, ते सीमेच्या पलीकडं एका मराठी शिक्षकानं कन्नड मुलांना न मागता दिलं.

आता माझी विनंती. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागातल्या बहुतेक गावांतून कुणी ना कुणी बाहेर आहे. आखातात गवंडी, सुतार, चालक आहेत. जहाजावर आहेत. अमेरिकेत, जर्मनीत, ऑस्ट्रेलियात संगणकवाले आहेत, इंग्लंड-आयर्लंडात परिचारिका आहेत. स्वयंसेवक म्हणून गेलेले थोडे आहेत, पण आहेत. आणि फक्त तेच हवेत असंही नाही. मस्कतमध्ये बांधकामावर काम करणारा आपल्या गावचा सुतार मुलांना ओमानबद्दल जे सांगेल ते पर्यटकाला सांगता येणार नाही, कारण तो तिथल्या माणसांबरोबर घाम गाळतो. त्याला वर्गात बोलवायला शिक्षकांना संकोच वाटू नये. बेळगावात जेएनएमसी या वैद्यकीय महाविद्यालयात मलेशियाचे विद्यार्थी अनेक वर्षांपासून शिकतात. त्यांना तर विमानही नको, एक बस पुरे.

वेळ जुळते, मी हिशेब करून पाहिला आहे. शनिवारी सकाळी आपल्याकडं नऊ वाजता दुबईत साडेसात असतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शुक्रवारची रात्र, जेवणं आटोपलेली. ऑस्ट्रेलियात सिडनीला दुपार. युरोपवाल्यांना मात्र सकाळ फार लवकर पडते, त्यांनी आवाज टिपून पाठवावा. महिन्यातून एकदा अर्धा तास दिला तरी पुष्कळ, पण वर्षभर तोच माणूस यावा. एका दिवसाच्या पाहुण्याला मुलं भाषण ऐकवतात, ओळख झालेल्या माणसाला खरा प्रश्न विचारतात. प्रजासत्ताक दिनाला एकदा पडदा लावून, हार घालून, फोटो काढून जे होतं त्यातून काही साधत नाही.

काही पथ्यं पाळावीत. फोन नेहमी शाळेच्या किंवा शिक्षकाच्या नंबरवरून व्हावा, मुलांचे नंबर कुणाला देऊ नयेत. शिक्षक वर्गात हजर असावा. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय पाठवू नयेत. शाळा विकास समितीला आधी सांगावं. आमच्या समितीतल्या आया आता शनिवारी खिडकीपाशी येऊन उभ्या राहतात आणि त्यांनाही प्रश्न पडतात. तिथल्या बायका बाळाला पाठीशी कापडानं कशा बांधतात हे त्यांनीच ताईला करून दाखवायला लावलं.

संपादक महाशय, आपल्याकडूनही एक मागणं आहे. आठवड्यातून एकदा आपल्या दैनिकात थोडी जागा द्या, जिथं सीमाभागातल्या मुलांचे प्रश्न छापून येतील आणि परदेशातले वाचक त्यांना उत्तरं लिहितील. आपला अंक इंटरनेटवर जगभर वाचला जातो. ज्या शाळेत टीव्ही नाही, नेटवर्क नाही, तिथल्या मुलाचा प्रश्न छापील कागदावरून तरी जाऊ दे. सुरुवातीला आमच्या वर्गाचे प्रश्न या पत्रासोबत जोडले आहेत. त्यातला एक आखातातल्या वाचकांसाठी आहे: तुमच्याकडं पाऊसच पडत नाही, तर विहिरीला पाणी कुठून येतं? दुसरा इंग्लंडमधल्या परिचारिकांसाठी: तिथल्या म्हाताऱ्या माणसांना तुम्ही काय म्हणून हाक मारता? आणि जर्मनीतल्यांना आमच्या मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलंय की तिथं तंबाखू पिकते का, आणि पिकत असेल तर शेतकऱ्याला किलोमागं काय भाव मिळतो.

उत्तरं शाळेच्या पत्त्यावर किंवा आपल्या कार्यालयात पाठवावीत. आमच्या शाळेचा पत्ता आपल्याकडं दिला आहे.

आपली,
एक शिक्षिका
ता. निपाणी, जि. बेळगाव